परग्रहावरचे पाहुणे

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जगातल्या सगळ्या कादंबऱ्या ठाऊक असतात, असा एक गोड गैरसमज लोकांत आहे. आमचे मुख्याध्यापकही त्यातलेच. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "शाळेच्या कपाटासाठी हजार रुपयांची पुस्तके घ्यायची आहेत. मुलांना परग्रहावरच्या माणसांच्या कादंबऱ्या हव्यात म्हणे. तुम्हीच निवडा."

मी मान डोलावली खरी. पण मॅट्रिकच्या पुढे शास्त्राशी माझा संबंध उरलेला नाही. माझ्या कादंबऱ्यांत दोन अनोळखी जीवांची पहिली भेट होते ती रंकाळ्याच्या काठी, आणि त्यांतला एक जीव हटकून छत्री विसरलेला असतो! तरी करवीर नगर वाचन मंदिराची पायरी चढलो. १८५० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयाने माझ्यासारख्या कितीजणांची लाज राखली असेल, कोण जाणे.

महिनाभर वाचले. वेल्सचे मंगळवासी १८९८ साली इंग्लंडात उतरले ते माणसे जाळीतच. लेमच्या १९६१ सालच्या 'सोलारिस'मध्ये अख्खा समुद्रच जिवंत. त्याच्यावर विद्वान ग्रंथांमागून ग्रंथ लिहितात, आणि तो काही कुणाला उमगत नाही. क्लार्कच्या १९७३ सालच्या कादंबरीतले 'रामा' नावाचे अजस्र नळकांडे आपल्या सूर्यमालेतून जाते, पण माणसांकडे ढुंकूनही पाहत नाही.

"म्हणजे लग्नातल्या वरपक्षासारखेच की!" ही म्हणाली.

मग आले आपले जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून. हे जगताप कोण, कुठले, परीक्षकांना ठाऊक नव्हते. त्यांनी कथा वाचली आणि बक्षीस दिले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. माझ्या यादीत त्यांची 'प्रेषित' पहिली.

ही यादी करताना माझ्या डोळ्यांपुढे एक मुलगा होता. आमची शाळा शहराच्या कडेला, उसाच्या फडांना लागून. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागला. हजेरीपटावर त्याचे नाव मीच लिहिले होते. पण त्यापलीकडे पंधरा दिवसांत मी त्याच्याशी चकार शब्द बोललो नव्हतो. पोरेही त्याच्या बोलण्याला हसत.

एका शनिवारी मी वर्गात वेल्सची गोष्ट सांगितली. मंगळवासी आले, त्यांनी आग ओकली, सगळे सांगून झाले. तेव्हा मागून प्रथमच आवाज आला, "सर, त्यांना कुणी इचारलं का, कुठनं आलाव म्हणून?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण वेल्सच्या गोष्टीत माणसे विचारायला गेली होती. पांढरे निशाण घेऊन गेली आणि जळून मेली. त्या इंग्रजांनी निशाण तरी नेले होते! आणि येथे मी, हातात खडू घेतलेला गुरुजी, कुणी जाळण्याची भीती नसताना पंधरा दिवस गप्प होतो.

तास संपल्यावर मी त्याला विचारले. बीड जिल्ह्यातला तो. आईबाप पहाटे अंधारातच फडात जात. पालात धाकट्या बहिणीला हाच सांभाळी. गावाकडच्या शाळेत पुस्तकांचे कपाट आहे, पण त्याला कुलूप असते, असे तो म्हणाला. मी आमचे कपाट उघडले. त्याने 'प्रेषित' निवडली. का, ते मी विचारले नाही. चित्र आवडले असेल.

पुढच्या आठवड्यात बाक रिकामा दिसला. टोळी दुसऱ्या फडावर गेली होती.

काल यादी पाहून मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, 'प्रेषित' आपल्याकडे आहे ना?"

"होती," मी म्हणालो.

नोंदवहीत त्या पुस्तकापुढे 'हरवले' असा शेरा मारावा, असे कारकुनाचे म्हणणे आहे. मी अजून मारलेला नाही. दिवाळी झाली की फड सुरू होतील, आणि शाळेवरून टोळ्यांचे ट्रॅक्टर जाऊ लागतील.