प्रोजेक्ट असेपर्यंत

संशोधन संस्थेत सकाळी नऊला जाऊन रात्री आठला परतणाऱ्या माणसाला नोकरी आहे म्हणायचं की नाही, हे मला तिथे असताना कधी धड कळलं नाही. बँकेने क्रेडिट कार्डाचा अर्ज परत पाठवला, तेव्हा नाही असं कळलं. रविवारी सकाळी प्रोजेक्टच्या प्रमुख मॅडमचा ‘मीडिया बदललास का?’ असा मेसेज आला की आहे असं वाटायचं.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून 2022 साली मी पुण्यातल्या एका सरकारी संस्थेत ‘प्रोजेक्ट असोसिएट-वन’ म्हणून लागले. आमचं गाव तासगावजवळ. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या जगात ऑर्डर हातात पडली की माणूस मार्गी लागला. पुढे बदली, बढती, पेन्शन आणि शेवटी शाल-श्रीफळ. माझी ऑर्डर त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. पगार 25,000, वर घरभाडं. त्याखाली सगळ्या अटी: नेमणूक पूर्णपणे तात्पुरती, प्रोजेक्टबरोबर संपणारी, कायम नेमणुकीवर हक्क सांगता येणार नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही संपवता येईल. “अगं, ही ऑर्डर आहे की ताकीद?” असं म्हणत त्यांनी ती देवापुढे ठेवली. आईने तोवर शेजारी पेढे पोचवले होते. पोरगी शास्त्रज्ञ झाली, एवढंच गावाला कळलं, आणि ते खोडून काढायची माझीही इच्छा नव्हती.

मला पहिल्यांदा चक्रावून टाकलं ते तारखेने. जाहिरातीत प्रोजेक्ट तीन वर्षांचा लिहिला होता. पण ही तीन वर्षं माझ्या रुजू होण्यापासून मोजत नाहीत. मंजुरी येऊन पहिला हप्ता निघाला की घड्याळ सुरू होतं. मग यंत्राचं टेंडर, जाहिरात, छाननी, मुलाखती. शिवाय माझ्या आधी त्याच जागेवर एक मुलगा लागून जर्मनीला पीएच.डी.ला निघूनही गेला होता. म्हणजे मी उरलेल्या प्रोजेक्टवर आले होते. हे मला कोणी बोलावून सांगितलं नाही. कोणाचं ते कामच नव्हतं. लॅबमधल्या दादाने टपरीवर चहा पिताना सहज विचारलं, “मंजुरीपत्र कधीचं आहे ते बघितलंस का?” मी म्हटलं, ते कुठे असतं? तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

दादा म्हणजे आमचा रिसर्च असोसिएट. पीएच.डी. झालेला, परदेशात पोस्टडॉक करून आलेला, चाळिशीकडे झुकलेला, आणि तोही प्रोजेक्टवरच. त्याच्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नोकरीचा प्रकार विचारला होता, तिथे त्याने ‘सरकारी’ लिहून खोडलं, ‘खाजगी’ लिहून खोडलं, आणि शेवटी ‘संशोधन’ लिहिलं. मुलीला प्रवेश मिळाला, फॉर्म कोणी वाचला नसावा.

पगाराचं गणित तर आणखी अजब. प्रोजेक्टवरच्या असोसिएटला तेव्हा नेट किंवा गेट उत्तीर्ण असेल तर 31,000, नसेल तर 25,000, हे दर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये ठरवलेले. 2023 च्या जूनमध्ये जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोची, रक्कम 31,000 वरून 37,000 झाली, तीही जानेवारीपासून फरकासकट. आमच्या दरांना कोणी हात लावला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी जेआरएफ. ती आणि मी एकाच इनक्युबेटरमध्ये प्लेट ठेवायचो, ऑटोक्लेव्हची पाळी वाटून घ्यायचो. फरकाचे पैसे आले तेव्हा तिने बिर्याणी खिलवली. चांगली होती.

पैसा कसा फिरतो हे मला लेखा विभागातल्या काकांनी समजावलं. त्यांच्याकडे एका कागदावर अख्खा प्रोजेक्ट मावत होता. एकेक हेड: मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा ओव्हरहेड, आणि यंत्रसामग्री वेगळी. एका हेडचा पैसा दुसऱ्यात सहजासहजी हलवता येत नाही. दरवर्षी जीएफआर 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ते खर्चाच्या तक्त्यासह जातं, मग पुढचा हप्ता सुटतो. त्यात हल्ली पैसा आधी येऊन संस्थेच्या खात्यात पडत नाही. खर्चाची मर्यादा मिळते, आणि 31 मार्चला जे वापरलं नाही ते परत जातं. कागदावर हे शिस्तीचं आहे. सरकारी पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्या शिस्तीत एप्रिल येतो. यूसी गेलेलं असतं, ते वर कुठल्यातरी टेबलावर असतं, नवी मर्यादा यायची असते, आणि मनुष्यबळाच्या हेडमध्ये शून्य. पहिल्या वर्षी माझा एप्रिलचा पगार जूनच्या शेवटी झाला. कर्वेनगरला पीजी चालवणाऱ्या काकूंना मी यूसी म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, “बाळा, तू एवढी शिकलेली, तुला पगार का देत नाहीत?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांकडून पैसे मागवले. त्याच महिन्यांत आमचा उणे वीसचा फ्रीज ओसंडत होता, कारण मार्चअखेर पैसे परत जाऊ नयेत म्हणून किट आणि सीरमच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. पेशींना लागणाऱ्या सीरमची अर्ध्या लिटरची एक बाटली माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग. ती मी दोन्ही हातांनी धरून न्यायचे.

मॅडमवर राग काढणं सोपं आहे, आणि आम्ही तो काढायचोही, कँटीनमध्ये. पण त्या स्वतः दर आठवड्याला दिल्लीला फोन लावायच्या, नवा प्रस्ताव लिहायच्या, जुन्याचा अहवाल लिहायच्या. त्यांची नोकरी कायम, हातात मात्र कोणाला ठेवायचं हे नाही. देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, आणि त्यातल्या ज्या तुकड्यासाठी त्यांच्यासारखे सगळे धावत होते तिथेच तेव्हा बदल चालला होता. 2023 च्या कायद्याने ‘सर्ब’ हे संशोधनाला निधी देणारं जुनं मंडळ जाऊन अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत 50,000 कोटींची घोषणा, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून उभा करायचा. मॅडमचा नवा प्रस्ताव त्या काळात कुठेतरी अडकून होता.

2024 च्या उन्हाळ्यात आमचा प्रोजेक्ट संपत आला. मॅडमनी बोलावून सांगितलं, “सहा महिन्यांचं एक्स्टेन्शन मिळालंय.” मी आनंदाने घरी फोन केला. संध्याकाळी दादाने पत्र दाखवलं. ते ‘नो-कॉस्ट’ एक्स्टेन्शन होतं: मुदत वाढली, पैसे नाहीत. मनुष्यबळाच्या हेडमध्ये जे काही उरलं होतं ते दोन महिन्यांत आटणार होतं. उरलेले चार महिने प्रोजेक्ट जिवंत आणि आम्ही नाही. असं होऊ शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बाबांना हे फोनवर समजावताना मी तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शेवटी ते म्हणाले, “म्हणजे शाळा चालू, मास्तर घरी.”

त्याच वर्षी जूनच्या अखेरीस मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढल्याच्या नोटिसा गेल्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून येणाऱ्या पैशावर त्यांचे पगार होते, आणि पुढच्या पैशाची खात्री नव्हती. गदारोळ झाला, ट्रस्टने पैसे द्यायचं कबूल केलं, दोन-तीन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या. बाबांनी कात्रण कापून ठेवलं. “बघ, बोंब मारली की होतं,” म्हणाले. पण आमच्याकडे बोंब मारायला नोटीसच नव्हती. प्रोजेक्टवरच्या माणसाला कोणी काढत नाही. त्याची तारीख येते.

शेवटचे दिवस मी फ्रीजपाशी घालवले. जिवाणूंचे सगळे वाण ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ऐंशीला ठेवायचे, डब्यांचा नकाशा करायचा, कुठल्या खणात कुठली नळी ते लिहायचं. हे सगळं वहीत उतरतं. पण एक वाण होता, जो ताज्या प्लेटवरून घेतला तरच नीट वाढायचा, एक रात्र फ्रीजमध्ये राहिलेल्या प्लेटवरून घेतला की दोन दिवस मलूल. हे मला कित्येक महिने वाया घालवून कळलं होतं. तेही मी लिहिलं, लाल शाईने. पुढे दादाकडून कळलं की ती वही कपाटात आहे आणि नवीन मुलाला कपाटाची चावी मिळायची आहे.

त्या उणे ऐंशीच्या फ्रीजला मालमत्ता नोंदवहीत क्रमांक आहे, त्याचा वार्षिक देखभालीचा करार आहे, तापमान वाढलं तर रात्री अडीचला सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. प्रोजेक्ट संपल्यावर तो कुठे जाईल याचा नियम आहे. फ्रीज वापरणाऱ्या माणसासाठी ‘नो ड्यूज’चा फॉर्म आहे: ग्रंथालय, स्टोअर, कँटीन, वसतिगृह, सुरक्षा. मी सह्या गोळा केल्या. कँटीनचे बत्तीस रुपये निघाले, ते भरले.

“मग कंपनीत जा,” हे सगळ्यांनी सांगितलं. गेले. सध्या एका बायोटेक कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, तेही तिसऱ्याच एजन्सीच्या पगारावर, अकरा महिन्यांच्या करारावर. कंपनी म्हणजे सुरक्षित, हा समज दादाने एक उदाहरण सांगून आधीच मोडला होता. ॲटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध, आपल्याकडे घरोघरी ज्याची पट्टी असते ते, अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत 1985 मध्ये ब्रूस रॉथ यांनी बनवलं. ‘लिपिटॉर’ या नावाने ते जगातलं सगळ्यात खपणारं औषध झालं. ते केंद्र फायझरकडे आलं, आणि 2007 च्या जानेवारीत फायझरने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथे सुमारे 2,100 माणसं कामाला होती. इतकं यशस्वी काम करून दाखवल्यावरही जिथे दाराला कुलूप लागतं, तिथे आमच्या मलूल वाणाची काय कथा.

तरीही प्रयोगशाळेत जाऊ नका असं मी कोणाला सांगणार नाही. ते काम मला आवडतं, नेट पुन्हा देते आहे. पण तुमच्या घरातलं कोणी वॉक-इनला निघालं असेल तर त्याला एवढं जरूर विचारायला सांगा: मंजुरीपत्राची तारीख कोणती, मनुष्यबळाच्या हेडमध्ये किती महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत, आणि गेल्या वर्षी एप्रिलचा पगार कधी झाला. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं तेच विचारतात. तेव्हा विचारायचं, संकोच करायचा नाही.