वडिलांचा वस्तरा

निवृत्तीनंतरच्या माझ्या दिनक्रमात सकाळची श्मश्रू हा एक निवांत विधीच होऊन बसला आहे. चिरंजीव प्लॅस्टिकच्या वस्तऱ्याने दोन मिनिटांत मोकळे होतात, आणि मी मात्र वडिलांची निकेलचा मुलामा दिलेली लांबट पेटी उघडून बसतो, याचे त्यांना हसू येते.

ही पेटी इंग्लंडात तयार झालेल्या ‘रोल्स रेझर’ची. वडिलांनी ती १९५२ साली सीताबर्डीवर घेतली. एका झाकणात धार लावण्याचा दगड, दुसऱ्यात चामड्याची पट्टी. पेटीचा दांडा मागेपुढे सरकविला की पाते खडखडत टोकाटोकाला कूस पालटते आणि धारेवर येते. मग ते मुठीस जोडावयाचे, गरम पाण्याने दाढी भिजवून साबणाचा दाट फेस करावयाचा, आणि भार न देता केसांच्या कलाने हात चालवावयाचा. जिलेट यांच्या १९०४ च्या पेटंटातील दुधारी पाते बोथट झाले की फेकावयाचे. हे एकधारी पाते वर्षानुवर्षे टिकते. धारेपुढे आड असल्यामुळे ते कातडीत खोल शिरत नाही. असा आड घातलेला वस्तरा न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी १८८० सालीच पेटंट करून घेतला होता.

माझ्या लहानपणी आमच्या महालातील वाड्यात दुसराही एक वस्तरा येत असे. वडिलांच्या आत्याबाई बाराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांच्या केशवपनासाठी दर पंधरवड्यास एक वृद्ध नाभिक मागील दाराने परसात येई. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पाटावर बसत. आम्हां मुलांना तिकडे फिरकण्याची मनाई असे. ओसरीवर वडील आड घातलेल्या वस्तऱ्याने दाढी करीत, त्याच वेळी परसात उघडा वस्तरा चाले. घरात सारे शिकलेले. पण यात काही वावगे आहे, असे कोणी बोलून दाखवीत नसे.

१९६८ च्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याचा हात थरथरला. लाल आलवणावर रक्त उमटलेले कळले नाही. पाटावर मात्र दिसले. वडील गालावरचा फेस तसाच ठेवून धावले. वस्तरा मिटीत म्हातारा म्हणाला, “बापूसाहेब, आता हे काम मले सांगू नका. मुंबईच्या आमच्या लोकायनं हे कवाच नाकारलं होतं, असं माहा बाप सांगे. मले पोटापायी नाही म्हणता आलं नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. वडिलांनी ते वाचले होते. घरात कधी उच्चारले नव्हते.

“आत्या, आता पुरे,” वडील म्हणाले.

“या वयात केस वाढवून कोणाला दाखवू रे?” त्या म्हणाल्या. पण पुन्हा पाटावर बसल्या नाहीत. त्यांच्या मस्तकावर मऊ, पांढरे केस आले. एकट्या असल्या म्हणजे त्या त्यांवरून हळूच हात फिरवीत; कोणी पाहिले की पदर पुढे ओढीत. पाच वर्षांनी त्या गेल्या.

उतारवयात वडील एकदा ही पेटी पुसता पुसता मला म्हणाले, “माझ्या गालाला आड हवी, हे मला बावन्न सालीच कळले. आत्याच्या बाबतीत ते कळायला आणखी सोळा वर्षे लागली.”

पेटी खडखडू लागली की चिरंजीव हसतात. उद्या त्यांना हे सांगावे म्हणतो.