सईला, इअरमफ घेण्याआधी

प्रिय सई,


दादाचा फोन आला होता. दहा मीटर सोडून तू पंचवीस मीटर पिस्तुलाकडे वळलीस, बालेवाडीला सराव सुरू होतोय, हे ऐकून फार आनंद झाला. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सोनं मिळवलं, तोच हा प्रकार! इलेक्ट्रॉनिक इअरमफ कोणता घेऊ, असं तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते.

दहा मीटरच्या एअर पिस्तुलाची मला कधी काळजी वाटली नाही. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाचं तसं नाही. त्याचा बार १५० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या पुढचा एखादा बारसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. रेंजवरून आलं की कानात दडे बसतात, सकाळपर्यंत सुटतात, म्हणून माणसं निर्धास्त राहतात. पण आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. माझ्याकडे तपासणीला येणारे सांगतात, ‘ऐकू येतं हो, पण समजत नाही.’ त्यांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. स, श, फ हे वर्ण आधी निसटायला लागतात.

आता इअरमफ. कानाला वाचवतो तो कप आणि त्याची गादी. इलेक्ट्रॉनिक भागाचं काम एवढंच, की बाहेरचा माइक बोलणं आत आणतो आणि बार झाला की तो आवाज दाबतो. म्हणून दुकानात आधी खोक्यावरचा एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने घटतो तो आकडा, बघ. अमेरिकी आकडा तो. युरोपी मालावर त्याऐवजी एसएनआर असतो आणि त्याच इअरमफचा तो सहसा जास्तच दिसतो, तेव्हा दोघांची थेट तुलना करू नकोस. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. चष्म्याची काडी किंवा केसांची बट गादीखाली आली की फट पडते आणि आकडा कागदावरच राहतो.

जाताना शूटिंगचा चष्मा घेऊन जा, कानातले काढून ठेव. इअरमफ घालून, बंदच ठेवून, पंख्याजवळ उभी राहा आणि दोन्ही कप तळहाताने हळूच दाब. दाबल्यावर घरघर कमी झाली तर फट आहे, तो इअरमफ घेऊ नकोस. काडीभोवती बसणारी मऊ जेलची गादी मिळाली तर जरा जास्त पैसे गेले तरी चालतील. घामाने गाद्या कडक होतात, चिरतात. त्या वेगळ्या विकत मिळतात का, हेही विचार. ब्लूटूथवर मात्र पैसे घालवू नकोस.

मग इलेक्ट्रॉनिक हवाच कशाला? कोच बोलायला लागले की मुलं एका कानावरचा कप उचलतात आणि नेमका शेजारच्या लेनवर बार होतो. नवीन शिकणाऱ्याला हा धोका रोजचा, आणि इलेक्ट्रॉनिकने तो टळतो. त्यातही स्वस्तातले काही इअरमफ बार झाला की सगळाच आवाज तोडतात; शेजारी सतत फायरिंग चालू असेल तर कोचचं अर्धं वाक्य गायब. मोठा आवाज दाबून बोलणं चालू ठेवणारा घे, दोन्ही बाजूंना माइक असलेला.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार आवाज ग्रहण करणारं यंत्र बसवलेला इअरमफ खेळाडूला मॅचमध्ये चालत नाही. म्हणजे तिथे साधाच लागणार. तुझ्या प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात ‘अटेन्शन’ची हाक झाल्यावर सात सेकंदांनी हिरवा दिवा, मग तीन सेकंदांत एक गोळी. ती हाक साध्या इअरमफमधून ऐकायची सवय आधीपासून हवी. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी उत्तम साधा इअरमफ आणि फोमचे प्लग घे. इलेक्ट्रॉनिक त्यानंतर, शिकवणीच्या तासांसाठी. बंदिस्त रेंजवर प्लग आणि इअरमफ दोन्ही घाल. त्याने संरक्षण दुप्पट होत नाही, पाचेक डेसिबलच वाढतात, पण भिंतींवरून आवाज उलटतो तिथे तेवढेही मोलाचे.

सराव सुरू होण्याआधी एकदा मिरजेला ये. तुझा ऑडिओग्राम मी स्वतः काढते, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. आदल्या दिवशी रेंजवर जाऊ नकोस आणि हेडफोनही लावू नकोस. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या