हरिपाठ आणि ड्राय वेट

आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, फिस्टुला आहे. शीर आणि रोहिणी शस्त्रक्रियेने जोडल्यामुळे तिथे बोट ठेवलं की रक्ताची थरथर जाणवते. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, त्या हाताने बादली उचलायची नाही. मधुमेहाने किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, ती डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असते. जाड सुया आत गेल्या की ती डोळे मिटते आणि हरिपाठ सुरू करते. 27 अभंग होईतो तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे तिथल्या सिस्टरनाही ठाऊक आहे. नंतर मात्र शेजारच्या पलंगावरच्या मावशींशी मनसोक्त गप्पा.

आई फलटणची, माळकरी घरातली. तरुणपणापासून दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेली. डायलिसिस सुरू झालं आणि वारी सुटली. एक दिवसाआड मशीन गाठायचं असताना पायी वाट धरणार कशी? सुयांपेक्षा ते दुखणं तिला मोठं होतं.

त्यातच भेटायला आलेल्या एक नातेवाईक बाई सहज बोलून गेल्या, "मागल्या जन्मीचं काहीतरी असणार गं." ते वाक्य आईच्या मनात रुतून बसलं. हरिपाठ बंद पडला. इतकी वर्षं चाकरी करून विठ्ठलाने आपल्याला टाकलं, असं ती म्हणू लागली. मग डायलिसिसलाही टाळाटाळ सुरू झाली. अंगावर सूज, रात्री आडवं झालं की धाप, असे ते दिवस होते.

केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. 2001 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 596 वयस्क रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला सोडलं, देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं मानणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक दिसला. आधार देणारी श्रद्धा वेगळी आणि माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी वेगळी. आईच्या बाबतीत हा फरक मी घरातच पाहिला.

तिला सावरलं ते दिंडीतल्या विणेकरी काकांनी. ते घरी आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "माउली, गोंदवलेकर महाराजांना दम्याने किती छळलं! ते कुठलं पाप होतं? देह आहे तर व्याधी आहे. मशीनवर चार तास मिळतात ना, तिथे नाम घ्या." गोंदवले आमच्याकडून लांब नाही, महाराजांची तसबीर आईच्या देव्हाऱ्यात आहेच. 1913 साली देह ठेवणाऱ्या या सत्पुरुषाला दमा होता हे तिला आधीही माहीत होतं; त्या दिवशी ते तिच्या उपयोगी पडलं.

हरिपाठ पुन्हा सुरू झाला. किडन्या सुधारल्या नाहीत, सुधारणारही नव्हत्या. पण तेव्हापासून आईने एकही खेप चुकवलेली नाही. पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा मशीनचा दिवस नसेल तर ती माउलींचं दर्शन घेऊन येते.

एकादशीचा प्रश्न मात्र उरला होता. रताळं, बटाटा, केळी, खजूर, शहाळं: उपवासाच्या या पदार्थांत पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. शेंगदाण्यात पोटॅशियमबरोबर फॉस्फरसही. आहारतज्ज्ञ बाईंनी उपवास सोडायला सांगितलं नाही, म्हणून आईने त्यांचं ऐकलं. आता एकादशीला मोजकी भगर आणि वर तूप. तीर्थ चमचाभर, तेही दिवसाच्या पाण्यात मोजलेलं. पुढच्या खेपेला वजनकाट्यावर ड्राय वेटच्या, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाच्या, वर किती पाणी साठलंय ते कळतंच.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल तर पुढच्या वेळी रिपोर्टबरोबर उपवासांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा: एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि आजाऱ्याला त्याच्या पापाचा हिशेब ऐकवायला कुणी आलं, तर त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा.