तिसरी तार

जुने घर घेणारा माणूस सागवान ठोकून पाहतो, विहिरीला पाणी किती ते विचारतो. विजेचा प्रश्न मात्र तो एक बटन दाबून निकालात काढतो. दिवा लागला, की वीज ठीक!

यवतमाळच्या जुन्या वस्तीतले घर पाहायला जाताना मी एका वायरमनला बरोबर नेले. भिंतींवरून सागवानी पट्ट्या मोठ्या ऐटीत गेल्या होत्या. काळी गोल बटने, चिनी मातीचे फ्यूज. सारे कसे खानदानी! त्याने एका पट्टीचे झाकण उचकटून आतली तार किंचित वाकवली मात्र, वरचे रबर भुरभुरत खाली सांडले.

“गुरुजी, वायर कायची, भुसकट हाये हे!”

प्लॅस्टिकच्या वेष्टणाआधीची ती रबरी तार. उष्णतेने आणि वयाने रबर वाळते, तडकते. आणि आमचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढणारा. पण दोष एकट्या रबराचा नव्हता. ज्यांनी हे घर उजळले, त्यांचे विजेकडे मागणेच थोडे होते. खोलीत ४० वॅटचा एक दिवा, बस्स. आजचा २००० वॅटचा एक गीझर असले ५० दिवे एकटा गिळतो. शिवाय प्लग सगळे दोन भोकांचे. जमिनीशी नाते जोडणारी तिसरी तार घरात कुठेच नव्हती. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. आणि आमची धाकटी तर ओल्या हातानेच कूलर लावणारी!

घर घेतले, पण रंगासाठी राखलेले पैसे भिंतींतल्या नव्या तारांनी खाल्ले. अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा पत्रा पुरला. ३० मिलिअँपिअर वीज गळली की प्रवाह तोडणारे बटनही बसवले. ऐन दिवाळीत भिंतींचे पोपडे तसेच राहिले, म्हणून सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. पाहुणे त्या पोपड्यांकडे पाहून मास्तराची कीव करतात. तारा कोण पाहतो?

मला मात्र त्या तिसऱ्या तारेचे कौतुक वाटते. ती दिवा लावीत नाही, पंखा फिरवीत नाही. वर्षानुवर्षे तिला काम नसते, आणि ते कधी पडू नये हीच आपली इच्छा. पण वाईट वेळ आली, तर घरातल्यांवरचा घाव तीच आपल्या अंगावर घेणार.

वैशाखात आमची काळी माती भेगाळते. कोरड्या मातीत वीज नीट मुरत नाही, हे वायरमनने आईला समजावले आहे. तेव्हापासून तुळशीला पाणी घातले, की ती एक तांब्या त्या खड्ड्यातही ओतते.