झोपलेल्या पाहुण्याला उठवू नका!

समुद्रावर गेलो की आपण काय करतो? वाळूचे किल्ले बांधतो, लाटांत डुंबतो आणि भेळ खातो. होनोलुलू शहरातल्या कैमाना किनाऱ्यावर मात्र कधी कधी वेगळीच गंमत दिसते. वाळूत काठ्या रोवून दोरी बांधलेली असते. आत एक भलामोठा करडा प्राणी गाढ झोपलेला! आणि बाहेर एखादे आजोबा नाहीतर कॉलेजची ताई भर उन्हात पहारा देत उभी.

हा पाहुणा म्हणजे हवाईचा मंक सील. लांबी सात फूट, वजन दोनशे किलोच्या आसपास. तिथले मूळ रहिवासी त्याला म्हणतात ‘खवळलेल्या पाण्यात धावणारा कुत्रा’! हे सील फक्त हवाई बेटांवरच राहतात आणि आता जेमतेम १६०० उरले आहेत. कॅरिबियन समुद्रातला त्यांचा भाऊबंद तर १९५२ नंतर कुणाला दिसलाच नाही.

मासे, शेवंड, ऑक्टोपस पकडून सील दमतो आणि वाळूवर ताणून देतो. वर्षातून एकदा त्याची जुनी कातडी केसांसकट सोलून निघते, तेव्हा तर तो कितीतरी दिवस पडूनच असतो. लोकांना वाटतं, बिचारा आजारी आहे! मग कुणी पाणी ओततं, कुणी त्याला समुद्राकडे ढकलू पाहतं. त्याला हवी असते ती फक्त झोप.

म्हणून तर हे स्वयंसेवक. सील आल्याचा फोन आला की ते धावतात, दोरी बांधतात आणि लोकांना समजावतात, “पन्नास फूट लांब राहा. आई-पिल्लू असेल तर दीडशे.” सीलच्या मागच्या वल्ह्यांवर बिल्ला असतो, त्याचा नंबर ते वहीत टिपतात. अंगावर जखम आहे का, तोंडात मासेमारीचा गळ अडकलाय का, हेही बघतात. तसं काही दिसलं तर तज्ज्ञांना बोलावतात. स्वतः हात लावत नाहीत बरं का! कैलुआ-कोना इथे २०१४ पासून या सीलांसाठी खास दवाखाना आहे. तिथे बरे झालेले सील पुन्हा समुद्रात सोडतात.

२०१७ च्या जूनमध्ये रॉकी नावाची सील याच गजबजलेल्या किनाऱ्यावर व्याली. पिल्लू काळंभोर! पाजण्याच्या पाच-सात आठवड्यांत आई काही खात नाही, स्वतः वाळत जाते. स्वयंसेवक आळीपाळीने राखणीला बसले. शेजारच्या जुन्या, मोडक्या तरणतलावात पिल्लू शिरायचं तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. आत अडकलं तर? दूध सुटल्यावर तज्ज्ञांनी त्याला शांत किनाऱ्यावर नेलं. कुठे? ते मात्र गुपित ठेवलं!

२०२२ मध्ये रॉकी पुन्हा तिथेच व्याली. त्या वेळी जवळ पोहणाऱ्या एका बाईंना ती चावली. चूक तिची नव्हती. ती आई होती.

जीव वाचवायला धावावं लागतं, उडी मारावी लागते, असं आपल्याला वाटतं. पण हे आजोबा आणि ही ताई तासन् तास नुसती उभी राहतात, इतरांनाही थांबवतात. आणि तेवढ्यानेच एक सील निवांत झोपतो, उठतो आणि लाटेत गडप होतो!