साचेखाते आणि चौथी फेरी

इतिहास शिकविण्यात हयात घालविलेल्या आम्हांस संगणकाच्या क्षेत्राविषयी लिहिण्याचा अधिकार नाही. तरीही आपल्या वसतिगृहातून गेलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत या स्मरणिकेत नोंदवावीशी वाटते. कारण तीत आमची एक चूक आहे.

देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. हा विद्यार्थी त्याच देहूरोडचा. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. मुलगा सॉफ्टवेअर अभियंता झाला आणि स्टार्टअप म्हणविणाऱ्या नव्या, लहान कंपन्यांत मुलाखती देऊ लागला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या सरकारी कारखान्यांचे दार राखीव जागांनी आपल्या माणसांना उघडून दिले. खासगी कंपन्यांवर ते बंधन नाही. तेथे केवळ गुणवत्ता पाहतात, असे सांगितले जाते.

एका कंपनीत त्याने तीन फेऱ्या पार केल्या. संगणकावर प्रोग्राम लिहिला, फळ्यावर अल्गोरिदम उलगडून दाखविला, मोठ्या प्रणालीची रचना मांडली. चौथ्या फेरीत मात्र गाव कोणते, वडील काय करतात, आडनाव मूळचे कुठले, अशी विचारपूस झाली. आठवड्याने निरोप आला, की तो त्यांच्या वातावरणात रुळणार नाही.

हे ऐकून आम्हांस मुंबईच्या कापड गिरण्यांतील साचेखाते आठवले. तेथे पगार अधिक. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. त्या काळी कारण उघड बोलले जाई. या मुलाला नेमके कशामुळे नाकारले, हे मात्र कोणासही सिद्ध करता येणार नाही.

वर्षानुवर्षे हा इतिहास शिकविणाऱ्या आम्ही त्याला सल्ला काय दिला? अर्जातून शाळेचे नाव काढून टाक. वडील खासगी नोकरीत आहेत, एवढेच सांग. तो काही बोलला नाही. जयभीम करून निघून गेला.

पुढची मुलाखत भोसरीत होती. ती चौदा जणांची कंपनी चाकणच्या कारखान्यांतील यंत्रांची माहिती गोळा करणारे सॉफ्टवेअर बनवीत होती. प्रश्न आला : कारखान्यातील इंटरनेट बंद पडले तर तुमची प्रणाली काय करील? त्याने सांगितले, "माझे वडील चाकणला कंत्राटावर काम करतात. इंटरनेट गेले म्हणून यंत्र थांबत नाही. पाळीचा माणूस आकडे वहीत लिहितो आणि नंतर चढवितो. आपली प्रणालीही तसेच करील. नोंद आधी यंत्राजवळच्या संगणकात साठवील, जोडणी आली की क्रमाने पाठवील. आणि एकच नोंद दोनदा पोचली तर दोनदा मोजणार नाही."

त्याची निवड झाली. आमचा सल्ला मानला असता तर हे उत्तरही त्याला गिळावे लागले असते. वडिलांचे काम लपविताना त्या कामातून आलेले ज्ञानही लपते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. अर्जात शाळेचे नाव होतेच. आम्हांस दुखवू नये म्हणून तो त्या दिवशी गप्प राहिला होता.

तेथील नोकरी म्हणजे सुखाचे आसन नव्हे. कारखान्याची रात्रपाळी अडली की याचा फोन वाजतो. कंपनीचे भांडवल किती महिने पुरेल, ही चिंता सर्वांना असते. परंतु आता नव्या उमेदवारांच्या मुलाखती तोही घेतो. पहिल्या चाचणीच्या उत्तरांवर नावाऐवजी केवळ क्रमांक असावा, ही त्याची सूचना कंपनीने स्वीकारली आहे. "सर, आपल्या परीक्षेत आसन क्रमांक असतो ना, तसेच," तो म्हणाला.

गेल्या वर्षीपासून दहावीच्या वर्गात आम्ही एक तास राखून ठेवतो. त्या तासाला प्रत्येक विद्यार्थी उभा राहून आपल्या आईवडिलांचे काम कसे चालते, ते सविस्तर सांगतो. पहिल्या दिवशी आवाज खाली जातात. महिन्याभरात ते वर येतात.